पुढे आलेला हात

फिल्म क्लबात रविवारी सकाळी एक जुना कृष्णधवल सिनेमा पाहिला. त्यातला निर्माता मित्राची कथा लाटतो, जिच्या जिवावर मोठा झाला त्या नटीलाही दूर सारतो. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी आजी सारख्या पुटपुटत होत्या, "मेला, कुणाचा म्हणून झाला नाही!" मीही मनातल्या मनात त्याला शिव्याच घालत होते.

शेवटी त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत पहिला मुहूर्त होतो. तो नारळ फोडतो, खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेऊन वळतो. समोर सगळी पगारी माणसं. पहिला तुकडा कुणाला द्यावा, हे त्याला कळेना. ताटली धरून तो नुसता उभा राहिला.

तेवढ्यात अंधारात आजींचा उजवा हात पुढे झाला. प्रसाद घेताना होतो तसा, खाली डावा धरून.

वर चढताना माणूस किती हात झिडकारतो, आणि वर पोचल्यावर एखाद्याच हातासाठी किती कासावीस होतो! माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

दिवे लागले तशा आजी ओशाळल्या. "सवय हो," म्हणत त्यांनी हात मागे घेतला. मूठ मात्र मिटलेली होती, खोबरं मिळाल्यासारखी.