एका विनोदाचा माफीनामा

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत दिल्लीजवळ मानेसरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षेच्या कामाला लागलो. तेव्हा त्या भागात शेतं संपून कारखानेच कारखाने उभे राहत होते. दिल्लीतल्या द्वारका भागातून सकाळी कंपनीची बस न्यायची.

पहिल्याच आठवड्यात बसमध्ये एका इंजिनियरनं आग्रह केला, "सूबेदार साहब, बॉर्डर का कुछ सुनाइए ना." मी सांगितलं. वर पहाडात आमच्या लंगरवर, म्हणजे फौजी स्वयंपाकघरावर, तोफेचा गोळा पडला होता. धुरळ्यातून आचारी बाहेर आला, हातात डाळीचं पातेलं. म्हणाला, आज डाळीत खडे जरा जास्त आहेत, निवडून खा. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

बसमध्ये कोणी हसलं नाही. इंजिनियरनं हळूच विचारलं, "उस दिन कोई मरा था?"

"दो," मी म्हणालो.

तो खिडकीबाहेर बघू लागला. परत मला कोणी काही सुनाइए म्हटलं नाही. त्या दिवशी हसलो नसतो तर संध्याकाळी पुन्हा चौकीवर उभं राहणं आम्हाला जमलं नसतं, हे त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं ते मला कळलं नाही.

वर्षभरानं पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसच्या मशीनवर एका कामगाराची दोन बोटं गेली. चाळिशीचा माणूस, बिहारचा, ठेकेदाराकडून आलेला. मी त्याचा हात टॉवेलात घट्ट बांधला आणि कंपनीच्या गाडीत त्याला मांडीवर टेकवून बसलो. पुढे एचआरमधला एक तरुण ऑफिसर होता. जयपूर हायवेला ट्रकांची रांग लागलेली. कामगाराचे डोळे मिटायला लागले.

"साहब, उँगलियाँ गईं?"

"गई नहीं, छुट्टी पर हैं," मी म्हणालो. "बिना अर्ज़ी दिए निकल गईं."

त्यानं डोळे उघडले. ओठ थरथरत होते, तरी हसला. "तो भगोड़ा लिख दीजिए, साहब."

हॉस्पिटल येईपर्यंत आम्ही त्या दोन पळपुट्यांना काय काय शिक्षा द्यायची ते ठरवत होतो. तो शुद्धीवर राहिला.

त्याच संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. मशीनपुढची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती. जाळी लावली की तासाला माल कमी निघतो, म्हणून वरूनच तसं सांगितलेलं. मी ते तसंच लिहिलं. प्लांट मॅनेजरनं बोलावलं, ती ओळ काढायला सांगितली. मी नाही म्हणालो.

चार दिवसांनी मला पत्र आलं. जखमी कामगाराची क्रूर थट्टा केल्याबद्दल खुलासा द्या.

एचआरच्या प्रमुख बाई पुण्याच्या होत्या. दार लावून घेऊन मराठीत बोलल्या. "काका, आपले म्हणून सांगते. माफी लिहून द्या आणि रिपोर्टमधली ती ओळ काढा. दोन्ही विषय इथेच संपतील."

"दोन्ही? ह्यांचा एकमेकांशी काय संबंध?"

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, तक्रार त्यानं केली का?"

"त्यानंच करायला हवी असं नसतं, काका. इथे असं बोलत नाहीत."

मी हॉस्पिटलात गेलो. त्यानं एक शब्द माझ्या बाजूनं सांगितला असता तरी पुरे होतं. खाटेवर दुसराच पेशंट होता. ठेकेदारानं त्याला आदल्या दिवशी गाडीत बसवून गावी धाडलं होतं. पत्ता कोणाकडे नव्हता.

मुलीचं बारावीचं वर्ष होतं. नोकरी सोडून दुसरी शोधायची हिंमत मला झाली नाही. मी सही केली. दोन्ही कागदांवर.

घरी बायकोनं विचारलं, "फौजेत कधी माफी मागितली होतीत?"

"मागितली होती. पण ज्याच्या बाबतीत चुकलो त्याची."

तिनं वाढून दिलं आणि समोर बसून राहिली.

मग मला बोलण्या-वागण्याच्या ट्रेनिंगला पाठवलं. शिकवणाऱ्या मुलीनं सुरुवातीलाच सगळ्यांना एकेक विनोद सांगायला लावला, वातावरण मोकळं व्हावं म्हणून. लोकांनी आपापल्या बायकांवरचे सांगितले. सगळे खो खो हसले. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, मला येत नाहीत.

परदेशी ग्राहक पाहणीला आले की दोन दिवस जाळी लागायची. ते विमानतळाकडे निघाले की उतरायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच मशीनवर दुसऱ्या एकाचा तळहात चिरडला. गाडीत पुन्हा मीच होतो. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी त्याचा हात वर धरून ठेवला आणि तोंड मिटून बसलो. अर्ध्या वाटेत त्याची शुद्ध हरपली. वाचला तो, पण माझं न बोलणं मला आजही सलतं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

प्लांट मॅनेजरनं वाचून माझ्या खांद्यावर थाप मारली. "अब आप सच में कंपनी के हो गए, सूबेदार साहब."

मी थँक यू सर म्हणालो.