बिनरंगाची वडी

शंकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घाटावर नाव बांधत होतो. त्याचा थोरला मुलगा पायऱ्या उतरून आला. मी गाठ पुरी मारली, मगच त्याच्याकडं बघितलं. अर्धी गाठ सोडून जाणं मला जमत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. येतं तेवढं लिहितो, कुणी सुधारू नये. आमच्या गावची नाव ॲल्युमिनियमची. पंचगंगेपलीकडं ज्यांची शेतं आहेत त्यांना ती रोज लागते आणि महापूर आला की सगळ्या गावाला. चालवायचो मी, डागडुजी बघायचा शंकर. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये जन्म काढलेला गडी. तोंडानं फटकळ आणि स्वतःची टिमकी वाजवण्यात पहिला. ॲल्युमिनियम सतत पाण्यात राहिलं की त्याला बारीक भोकं पडतात. म्हणून त्यानं नावेच्या बुडाला मॅग्नेशियमची वडी बोल्टनं आवळली होती. पाणी आधी वडीला खातं, नाव वाचते. वडी झिजली की दुसरी लावायची, एवढंच त्यातलं शास्त्र.

आमचं भांडण जुंपायचं ते खंडेनवमीला. त्या दिवशी गावात नांगर, ट्रॅक्टर, विळे सगळं पुजायचं. आदल्या दिवशी पोरं नाव वर ओढून चंदेरी रंग द्यायची आणि त्या नादात वडीही रंगवून टाकायची. मग शंकर कानस घेऊन यायचा आणि वडीवरचा रंग खरवडत बसायचा.

"मर्दा, पूजेला नाव अशी खरूज झाल्यागत ठेवतोस व्हय?" मी ओरडायचो.

"रंगाखाली पाणी वडीला शिवंल काय? मग नावंलाच खाईल की! देवीला सांग जा, शंक्यानं केलंय म्हणून."

आमच्या शिव्या पलतीरापर्यंत जायच्या. पूजेला नाव देखणी पाहिजे, हे माझं म्हणणं आजही आहे.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा त्याची हाडं तेवढी उरली होती. रडू येऊ नये म्हणून म्हणालो, "शंक्या, तुझी पार वडी झाली की रं."

तो हसला. "मग दुसरी बसवा की."

"तुझ्या मापाची मिळत न्हाय, लेका..."

 

तो गेला आणि काही आठवड्यांत खंडेनवमी आली. पोरांनी नेहमीसारखी वडी रंगवली. मी कानस घेऊन बुडाशी बसलो. गुडघे वाकत नव्हते, तरी बसलो. कुणी अडवलं तर काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पोरं आली, बघितलं.

"खरवडताय व्हय, आण्णा? खरवडा की, तुमची मर्जी," म्हणाली आणि फुलं आणायला निघून गेली.

वडी उघडी पडली. आता नाव टिकेल... मी कानशीवरचा चंदेरी भुगा झटकला. एवढ्या मोठ्या घाटावर मला कुणी एक शिवी दिली नाही.