मास्कसाठी मनामा

आमच्या घरात माणसं चार होती आणि गॅस मास्क तीन.

कंपनीने इकाम्यावरची, म्हणजे रहिवासी परवान्यावरची, नावं मोजून मास्क वाटले होते: मी, बायको सुलभा आणि आमची नऊ वर्षांची पिंकी. आई होती व्हिजिट व्हिसावर. ती सौदीत अल खोबरला आमच्याकडे आली, आणि पंधराव्या दिवशी इराकने कुवेत गिळलं. (यात आईचा हात नव्हता, पण सुलभाने तारखा जुळवून पाहिल्या होत्या.) मग इराक आमच्यावरही विषारी वायू सोडेल अशी भीती पसरली आणि परतीचं तिकीट मिळेना. मास्कसाठी मी ऑफिसात तीनदा हेलपाटे घातले. "व्हिजिटवाल्यांना नाही. खलास," म्हणून तिथल्या माणसाने फाईल मिटली.

"का रे, व्हिजिटवाले श्वास घेत नाहीत?" आईने विचारलं.

"चौकशी करतो," मी म्हटलं. मी आयुष्यभर चौकशीच करत आलोय.

शेवटी मार्ग काढला खालच्या मजल्यावरच्या हमीदभाईंनी. ते मूळचे दापोलीचे, इथे त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. "बहारीनला आपल्या लोकांच्या क्लबात शुक्रवारी हाऊजी आहे," ते म्हणाले. "फुल हाऊसला मास्क लावलाय. पूल ओलांडलात की आलंच."

पुलापलीकडचं मनामा, बहारीनची राजधानी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या लेखी कॅसिनोंचं शहर. तिथला कॅसिनो स्वतः कोणी पाहिला नव्हता, पण प्रत्येकाचा मेहुणा त्यात हरला होता. मीही ऑफिसात "वीकेंडला जरा कॅसिनोत चाललोय" असं सांगून टाकलं आणि शुक्रवारी सकाळी सूट-टाय चढवला.

आईचा व्हिसा एकदाच आत यायचा. पूल ओलांडला असता तर तिला परत येता आलं नसतं. त्यामुळे ती हमीदभाईंच्या बायकोकडे, अमीनाभाभींकडे थांबली.

"जन्मात जुगाराला हात लावला नाहीस, आज लाव," ती म्हणाली. "पण जिंकून ये. मला त्या वायूने मरायचं नाही."

ती हसत बोलली, पण माझा हात तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. हाऊजी आम्ही दर गुरुवारी घरी खेळायचो, शेंगदाणे लावून. पण सौदीत जुगार म्हणजे सरळ तुरुंग, आणि शेंगदाण्यांचा जुगार हा जुगार की खाऊ, हे मुतव्वांना, म्हणजे तिथल्या धर्म-पोलिसांना, समजावत कोण बसणार? म्हणून पडदे ओढून, आकडे कुजबुजत खेळायचं. हाऊस झालं की ओरडायचं नाही, तर्जनी वर करायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं. नियम माझेच. सात वर्षांत ते एकदाही मोडले नव्हते.

कॅसिनो निघाला पत्र्याच्या छताचा हॉल. ट्यूबलाईट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात वडा-सांबार. सूट घातलेला मी एकटाच, त्यामुळे दोघांनी मला आयोजक समजून कूपन मागितलं. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरा रुमाल, आणि रुमालावर तो मास्क. सगळा हॉल त्याच्याकडे लग्नातल्या जिलेबीकडे बघावं तसा बघत होता.

फुल हाऊस सुरू झालं. माझे आकडे असे काही लागत गेले की सुलभाने माझा गुडघा गच्च धरला. पाच राहिले, तीन राहिले, एक राहिला. सत्तेचाळीस.

"फोर अँड सेव्हन," माईकवरचा माणूस म्हणाला, "फॉर्टी सेव्हन."

मी शांतपणे डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तर्जनी वर केली आणि ओठांतल्या ओठांत म्हणालो, "हाऊस."

"पप्पा, शाऊट!" पिंकी किंचाळली.

"शू," मी म्हणालो. मी तिला गप्प केलं. खरंच केलं. आणि तेवढ्यात पुढचा आकडा पुकारला गेला. मागून एका धिप्पाड गृहस्थाने "हाऊऽऽस" अशी आरोळी ठोकली की वडेवाल्याच्या हातातून झारा पडला.

सुलभा पदर खोचून स्टेजवर गेली. "मेरे मिस्टर का पहले हुआ था. इन्होंने बोला था."

"बहनजी, आवाज नहीं आयी."

"ये ऐसेही बोलते हैं. पंद्रह साल से ऐसेही बोलते हैं."

तो माणूस माझ्याकडे अतिशय कणवेने बघत म्हणाला, "तो फिर आप खेलतीं ना, बहनजी."

परतीच्या पुलावर समुद्र दोन्ही बाजूंनी छान दिसत होता आणि मला रडू येत होतं. मी मनाशी ठरवलं: माझाच मास्क आईला द्यायचा. घरी गेल्यावर सगळ्यांना समोर बसवून सांगायचं, "आई, हा तुझा." वाक्य मी तीनदा घोकलं.

आई वर येऊन आमच्या दारातच उभी होती. "मिळाला?"

सुलभाने चपला काढता काढता सगळा वृत्तांत सांगितला, अभिनयासह. तर्जनीसुद्धा करून दाखवली. आईने शांतपणे ऐकून घेतलं, आत गेली, कपाटातून माझा मास्क काढला आणि डोक्यावर चढवून पट्टे आवळले.

"हा मला," ती आतून म्हणाली. मास्कमधूनसुद्धा तिचा आवाज अमीनाभाभींकडे पोचला. "तू ओला टॉवेल घे."

मी म्हणालो, "अगं, मी तोच द्यायला निघालो होतो."

कोणाला ऐकू गेलं नाही.