स्मशानाकडचा बोअर

बोरिंगची गाडी वस्तीत येऊन उभी, आणि जागा अजून ठरलेली नाही. डोईफोडियाच्या पुढची ही छोटी वस्ती. मंजुरी आता आणखी एकाच बोअरची. आधीचा शाळेजवळ घेतला होता, तो कोरडा गेला. हाही गेला की उन्हाळाभर बायांच्या डोक्यावर हंडे आणि पुढे टेकडी. भूवैज्ञानिक म्हणून जागा मी दाखवायची होती.

बुऱ्हाणपूरहून साहेबांचा फोन आला. "अरे, स्कूलच्या मागेच मारून टाका ना. रोड आहे, गाडी आरामसे लागते."

"सर, थोडा वेळ द्या. दगड पाहून घेतो."

"पहा. पण कोरडा गेला तर सही तुमची."

सही नेहमी आमचीच असते.

वस्तीमागे दोन डाइक एकमेकींना छेदत होत्या. डाइक म्हणजे जमिनीतली दगडी भिंत. भेगेत शिरलेला शिलारस तिथंच थिजून ती तयार होते. झिरपणारं पाणी तिच्याशी अडतं, पण भिंत अखंड असेल तरच. नंतर आलेली डाइक जुनीला फोडून पुढे जाते. एक शाळेकडे जात होती, दुसरी स्मशानाकडे. नंतरची कोणती?

उत्तर नाल्यात सापडलं, दोघी भेटतात तिथं. काळ्या दगडात टोकदार तुकडे अडकलेले. याला आम्ही ब्रेशिया म्हणतो. तुकड्यांत मोठे पांढरे स्फटिक होते, शाळेकडच्या डाइकसारखे. भोवतालचा दगड बारीक कणांचा, म्हणजे स्मशानाकडच्या डाइकचा. चिक्कीत शेंगदाणा आधीचा, पाक नंतरचा, तसंच. शाळेकडची भिंत जुनी आणि तडकलेली होती, तिथलं पाणी निसटत असणार. अखंड भिंत स्मशानाकडची.

जमलेल्या लोकांना तीच जागा सांगितली. एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, मसानचं पानी कोन पेईन? देवाले तरी चालीन का?"

"चिता जळते तिथं नाही बाबा, चढाच्या अंगाला घेऊ. पाणी तपासूनच देऊ."

माझ्या बोलण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सरपंच सुमनताई मागे उभ्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांचा तरणा मुलगा तापीत बुडाला. त्याला अग्नी त्याच स्मशानात दिला होता. त्या पुढे आल्या.

"शेवटचं पानी पोरानं मायले पाजाचं असते, बाबा. माह्यं उलटं झालं. आता तो पाजत असन त मी नाही म्हनू का? लावा गाडी तिथंच."

गाडी स्मशानाकडे वळली.

पाणी लागलं. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला, त्या दिवशी पहिला हंडा सुमनताईंनी भरला. मग हंडा खाली ठेवून तिथंच ओंजळीनं प्यायल्या. खूप वेळ पीत होत्या.

"गावाला जागा पटवली कशी?" साहेबांनी विचारलं.

"ब्रेशिया दाखवून, सर."

साफ खोटं. दगड पाणी कुठं आहे ते सांगतो. ते कोणाच्या घशाखाली उतरेल का, हे आमच्या विषयात येत नाही.