भाईंचा शब्द आणि किशोरीची सभा

किशोरी परब शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली ती काही कोणाच्या हौसेने नव्हे. अध्यक्ष पालकांमधलाच हवा असा नियम, बाप्यांना काजूची कामं, म्हणून तिचं नाव पुढे ढकललं आणि सगळे मोकळे झाले. सभेत खुर्ची तिची, बोलणं मात्र तिच्या सासऱ्यांचं. सासरे म्हणजे भाई. सुनेपासून सरपंचापर्यंत सगळे त्यांना भाईच म्हणतात. मालवणहून आत असलेल्या या वाडीत देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. भाईंनी देवासमोर एकेक मागणं मोठ्याने म्हणायचं आणि गावाने एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बापजाद्यांपासून चालत आलेलं. काय मागितलं हे कान देऊन ऐकावंही लागत नाही, तोंडं आपोआप उघडतात.

हीच खोड शाळेत नडली.

मागच्या सभेत शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख आले, पुस्तकी मराठीत बरंच काही वाचून गेले. भाईंनी सभेकडे वळून विचारलं, "बरोबर मां?" आणि सगळी सभा एका सुरात होय म्हणाली. किशोरीसुद्धा. घरी लेकीची, ओवीची वेणी घालता घालता तिचे हात थांबले. अगो बाय, आपण शाळा बंद करायला होय म्हटलं की! जूनपासून पोरांनी व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. व्हाळावर लाकडी साकव, आणि पावसाळ्यात कित्येकदा तो साकवच दिसत नाही, वरून नुसतं गढूळ पाणी धावतं. किशोरीचं माहेर देवबागचं, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. पाण्याची मस्करी करायची नसते हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

भाई वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगायला हवं. नातीवर त्यांचा जीव. पण एकच मास्तर सगळ्या इयत्ता वळतो ती कसली शाळा, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे संगणक, वर्गागणिक बाई, पोरांना न्यायला गाडी. गाडी व्हाळापलीकडे थांबणार, हे किशोरीने दबकत सुचवलं, तर साकवाच्या जागी पूल होईल म्हणाले. कधी, ते देवाला ठाऊक. आणि केंद्रप्रमुखांना शब्द दिला होता. भाईंचा शब्द फिरत नाही, ही तर त्यांची ऐट.

ठराव कायम करायची सभा लागली. त्याआधी किशोरी घरोघर फिरली. मनातून सगळ्यांनाच धास्ती होती, पण भाईंच्या तोंडावर बोलायचं कोणी? शेजारची तुळसा तर स्पष्टच म्हणाली की देवाचा मान ज्याच्याकडे, त्याच्याशी वाकडं घेऊन आम्हाला राहायचंय कुठे? म्हणजे सभेच्या दिवशी किशोरी शाळेच्या वर्गात शिरली ती एकटीच.

केंद्रप्रमुखांनी ठराव वाचला. भाई उठले, सभेवरून नजर फिरवली. आता विचारणार, आता सगळे होय म्हणणार. किशोरीला वाटलं, आत्ता आपण गप्प बसलो तर मेलोच. ती उभी राहिली.

"साहेब, थांबा. हा ठराव आम्हाला मान्य नाही."

साहेब गोडच हसले. मागच्या वेळी तुम्हीच होय म्हणालात ना मॅडम, म्हणाले. मागे कोणीतरी खुसखुसलं. किशोरीचे कान तापले. होय म्हणाले, ती माझी चूक, तिने कबूल करून टाकलं.

भाई हळू आवाजात म्हणाले, "खाली बस गो. मी वाडीच्या वतीन शब्द दिलंय." त्या हळू आवाजाची घरात सगळ्यांना भीती.

ती बसली नाही. साहेबांसमोरची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"भाई, देवाकडे तुमी आमच्यासाठी मागतास, म्हणान आमी व्हय म्हणतो. हंय शाळेत तुमी मागणास नाय. हंय तुमी आमची पोरां दितास."

भाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. सून, आणि चारचौघांत! क्षणभर किशोरीला वाटलं, आता या घरात आपलं संपलं. भाई तिच्याकडे न बघता सभेकडे वळले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "बरोबर मां?"

कोणी बोललं नाही.

भाईंनी पुन्हा विचारलं. तुळसाने मान खाली घातली, वाडीतला लवू खिडकीबाहेर बघत राहिला, म्हातारा गंगाराम उगाच खाकरला. पण होय कोणाच्या तोंडून निघालं नाही. भाई उभेच. उभ्या जन्मात त्यांना असं उत्तरावाचून कोणी ठेवलं नव्हतं. मग तुळसा पदर चाचपत म्हणाली, "माझो झील त्या साकवावरसून जावचो नाय." लवू म्हणाला, माझी पोरगीही नाही. मग बाकीचे एकेक करून बोलले, वेगवेगळ्या आवाजांत, अडखळत.

केंद्रप्रमुख गोंधळले. सवयीने त्यांनी भाईंकडेच बघितलं. मग आता काय लिहायचं?

भाई खाली बसले. आवाजात माया नव्हती, राग तसाच होता.

"माका कित्याक इचारतास?" ते म्हणाले. "अध्यक्ष ती आसा."