गाळातलं झेंडावंदन

पुराचं पाणी आमच्या शाळेतून उतरलं, तेव्हा पंधरा ऑगस्टला दोनच दिवस उरले होते. नदीकाठच्या वस्तीतली ही प्राथमिक शाळा. भिंतींवर छातीइतक्या उंचीला मातकट रेघ उमटली होती, वर्गांत घोटाभर गाळ होता आणि बाकं एकमेकांवर चढून बसली होती. मी तिथली शिक्षिका, राहते मात्र शहराच्या उंचावरच्या भागात, राजारामपुरीत. आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नव्हतं, आठवडाभर नळालाही आलं नव्हतं, एवढाच काय तो आमचा त्रास. कोरड्या घरातून त्या चिखलात पाय टाकताना माझी मलाच लाज वाटत होती.

त्या दिवशी शाळेत आम्ही तिघीच पोचलो होतो. मुख्याध्यापिका, मी आणि शाळेच्या शिपाई मावशी. मी चौफेर नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, यंदा राहू दे का? मुलांना दुसऱ्या शाळेत झेंडावंदनाला नेऊ."

मुख्याध्यापिका काही बोलण्याआधी मावशींनी हातातलं फावडं खाली टेकवलं. त्यांच्या घराची मागची भिंत पुरात बसली होती आणि त्या नवऱ्यासह एका मंगल कार्यालयात राहत होत्या.

"राहू दे म्हंजे? पाणी काय आपल्याला इचारून आलतं? झेंडा आपल्या शाळंतच लागणार की!"

मुख्याध्यापिकांनी पदर खोचला. "चला," एवढंच म्हणाल्या.

ऑफिसच्या कपाटातला वरचा कप्पा कोरडा होता. त्यात कागदात गुंडाळलेला झेंडा होता, तो मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला. सगळी शाळा दोन दिवसांत होणार नव्हती, म्हणून फक्त मैदान आणि व्हरांडा करायचं ठरलं. आम्ही घमेली भरभरून गाळ बाहेर काढला. दुपारनंतर पालक यायला लागले. त्यांची घरंही तशीच भरलेली होती, तरी कुणी तासभर, कुणी अर्धा तास हात लावून जायचे. चौदा तारखेला पाण्याचा टँकर आला. मावशींनी पाइप हातात धरला तो व्हरांड्याची फरशी दिसेपर्यंत सोडला नाही. माझ्या तळहातांना फोड आले होते. घरी येऊन मी हात पाण्यात धरून बसले. दमले होते, पण उद्याचं काही चुकवायचं मनात नव्हतं.

पंधरा तारखेला सकाळी साठेक मुलं जमली. गणवेश कुणाचेच धड नव्हते. एका मुलीच्या अंगात मदतीत आलेला, गुडघ्याखाली लोंबणारा टीशर्ट होता. मुलं ओळीत उभी राहिली. मुख्याध्यापिकांनी दोरी ओढली. झेंडा निम्म्यावर गेला आणि अडकला.

त्यांनी पुन्हा ओढली. मी हात लावला. दोरी ढिम्म हलेना. झेंडा निम्म्यावर कधी असतो, ते तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. आठ दिवस सोसलेलं सगळं त्या क्षणी अंगावर आल्यासारखं झालं. माझे डोळे भरून आले.

"कप्पीत गाळ बसलाय," मावशी म्हणाल्या. "खाली घ्या झेंडा. खांबच आडवा करू."

एका मुलीचे वडील गॅरेज चालवायचे. ते धावत जाऊन पाने घेऊन आले. खांबाच्या बुडाशी दोन बोल्ट होते, गंजलेले. पहिला सुटला. दुसरा काही केल्या सुटेना. त्यांनी पान्यावर पाय देऊन जोर लावला, चार-पाच माणसं खांबाला भिडली, आणि कर्रकन आवाज होऊन बोल्ट फिरला. खांब सावकाश आडवा केला. मावशींनी डोक्यातला आकडा काढून कप्पीतला गाळ उकरला. मी कुणाच्या तरी घरून खोबरेल तेल आणलं.

एवढा वेळ मुलं ओळीतच होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दमला असाल तर बसा रे." एकही मूल बसलं नाही.

खांब उभा राहिला, बोल्ट आवळले गेले. या वेळी दोरी सरसर धावली आणि झेंडा टोकाला गेला. पेटी पुरात फुगून गेली होती, त्यामुळे राष्ट्रगीत साथीशिवायच झालं. सूर मी जरा उंच धरला. शेवटच्या ओळींना मुलांचे आवाज फाटत होते, पण कुणी थांबलं नाही. माझ्या शेजारी मावशी ताठ उभ्या होत्या, चिखलाचे हात अंगाला चिकटवून.

येताना मी जिलेबी घेतली होती. आपल्याकडे या दिवशी चौकाचौकांत जिलेबीचे ढीग लागतात, पण घरं गेलेल्या माणसांपुढे गोड कसं ठेवायचं, म्हणून पिशवी मी व्हरांड्यातच ठेवली होती. मावशींनी ती बघितली.

"लपीवताय कशाला? वाटा की! पोरं आठ दिस नुसता भातच खात्यात."

मग मी वाटली. चिकट बोटांनी मुलं घरी गेली आणि आम्ही तिघींनी पहिलीच्या वर्गाचं दार उघडलं. गाळ तिथंही तेवढाच होता. मावशींनी मला दुसरं फावडं दिलं. पुढच्या आठवड्यात त्या वर्गात शाळा भरली, सतरंजीवर, दोन इयत्ता एकत्र.