निळा अंगठा

इंझोरीवाल्यांशी हात मिळवला की आपल्या हाताला निळा डाग पडायचा. पूल खेळणारे क्यूच्या, म्हणजे त्या लांब काठीच्या टोकाला निळा खडू घासतात. नाहीतर काठी बॉलवरून घसरते. बाकीचे खेळाडू खडू घासतात आणि बाजूला ठेवतात. इंझोरीवाले मात्र खडू घासल्यावर टोकावरून एकदा अंगठा फिरवायचे. प्रत्येक फटक्याआधी. सामना संपेपर्यंत अंगठा निळाभोर झालेला असायचा, आणि तो न धुता ते थेट लोकांत यायचे. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर असा एक डाग आहे. बायकोने साबण बदलून पाहिले, मग सदरा बदला म्हणाली. मी सदरा ठेवला.

त्यांचं खरं नाव स्पर्धेच्या फलकावर असायचं. कारंज्याच्या आमच्या क्लबात ते कुणीच घेत नसे. तिथे ते पुढे इंझोरीवाले झाले. देशभर फिरून खेळणारा, बक्षिसं घेणारा माणूस आपल्या शेजारच्या इंझोरीचा आहे, हे मला कळलं तेही नागपूरला जाऊन.

माझं कामरगावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. संध्याकाळी दुकान लवकर आटोपलं की मी कारंज्याला जायचो, तासभर पूल खेळायचो, परत यायचो. खेळ बेताचाच. पण मोबाइलवर मोठ्या खेळाडूंचे सामने बघून बघून मी इंझोरीवाल्यांचा चाहता झालो होतो. नागपूरला स्पर्धा आहे म्हटल्यावर मी गेलो. जाताना चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेले. कामाला जाताना यादी लागते, तशीच मला माणसाला भेटतानाही लागते.

त्या दिवशी ते हरले. मी चिठ्ठी खिशात घातली. हरलेल्या माणसाला काय विचारणार? पण ते स्वतःच खुर्च्यांच्या रांगेकडे आले आणि एका टोकापासून हात पुढे करत निघाले. प्रत्येकाला एकच प्रश्न. माझ्यापाशी आले.

"नाव काय? गाव कोनतं?"

मी नाव सांगितलं आणि म्हणालो, "गाव कामरगाव. लहान आहे, तुम्हाला ठाऊक नसेल."

"काहून ठाऊक नसन? माही मावशी तथीच हाय, बस स्टँडच्या मांगं. मी इंझोरीचा. तुमी मले पाह्याले इतक्या दूर आले? अन् मी दर दिवाळीले तुमच्या गावातून जातो!"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. चिठ्ठीतला एकही प्रश्न मग आठवला नाही. न लिहिलेला एक मात्र विचारला. हरल्यावर लोकांसमोर यायला जड जात नाही का?

"हरलो मी," ते म्हणाले. "तुमी कायले हरले? तुमी त गाडीभाडं देऊन आले."

फोटो काढायचा असला की ते हातातली वस्तू चाहत्याकडे देत. जेवत असले तर ताट, निघत असले तर पिशवी. "हे धरा, मंग फोटो." त्यामुळे त्यांच्यासोबतच्या सगळ्या फोटोंत चाहते काहीतरी धरून उभे आहेत. माझ्या फोटोत मी पोह्यांची बशी धरली आहे आणि ते माझ्या खांद्यावर हात टाकून निवांत आहेत. बघणाऱ्याला वाटावं, मोठा माणूस मीच आणि पोहे खायला ते माझ्याकडे आलेत. क्लबचा विजू म्हणाला, "यादीवाले भाऊ, तुमाले त वेटर बनवलं त्यायनं!" म्हणाला खरं, पण तोच फोटो मोठा करून त्याने क्लबात लावला.

या विजूवरच पुढे वेळ आली. त्याने नोकरी सोडून हा क्लब उभा केला होता. हार्डवेअरच्या दुकानावरची एक मोठी खोली आणि अमरावतीहून आणलेली दोन जुनी टेबलं. खोली काकाजींची. काकाजी मागच्याच घरात राहायचे. त्यांचं सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. वर काय चालतं हे त्यांनी जिना चढून कधी पाहिलं नव्हतं, पण लोक त्यांना विचारायचे. एक दिवस त्यांनी विजूला खाली बोलावलं.

"पोट्टे दिवसभर काठ्या घेऊन उभे राह्यतात. याले खेळ म्हन्तेत का बे? दिवाळीनंतर खोली खाली कर."

विजूने हात जोडले, मी समजावून पाहिलं. काकाजी हलले नाहीत. गावात दुसरी खोली मिळण्यासारखी नव्हती, कारण जे काकाजींना वाटत होतं तेच बाकीच्यांनाही वाटत होतं. खोली गेली की विजूचं पोट गेलं, आणि आमची संध्याकाळही.

मी इंझोरीवाल्यांना फोन केला. दिवाळीला घरी येताना तासभर क्लबात खेळून दाखवाल का?

"येतो जी. पन काकाजी येनार हायेत का? ते नसन येत त मी येऊन काय फायदा? तुमाले त खेळ माहीतच हाय."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी काकाजींकडे गेलो. इंझोरीचा खेळाडू येतोय म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोनाचा?" मी इंझोरीवाल्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं. बैलबाजारातली ओळख निघाली. "त्याचं पोरगं हे करते?" म्हणाले, आणि थोडा विचार करून तयार झाले. एकच अट घातली, नारळ ते स्वतः फोडणार.

कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. खुर्च्या, पाण्याचे कॅन, हार, शाल, पेढे, माईक, चाहत्यांशी गप्पा वीस मिनिटं. नारळही होता. तो कुठे फोडायचा हे मात्र यादीत नव्हतं.

काकाजी पांढरं धोतर नेसून आले. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी नात, वैष्णवी, त्यांचा हात धरून जिना चढवत होती. इंझोरीवाले पुढे होऊन पाया पडले. सगळं छान चाललं होतं. काकाजींनी टेबलाच्या लाकडी काठाला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला. आता, नवीन ट्रॅक्टर आला की नारळ ट्रॅक्टरपाशी फुटतो. विहिरीवर मोटर बसली की मोटरीपाशी. मग टेबलाचा नारळ दुसरीकडे कुठे फुटणार? काकाजींनी तो टेबलाच्याच काठावर आपटला. एका घावात दोन भकलं झाली आणि सगळं पाणी हिरव्या कापडावर पसरलं.

खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खेळणारे आम्ही सगळे कापडाकडे बघत होतो. पूलच्या टेबलावर आम्ही चहाचा कपसुद्धा नेत नाही. विजूचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "काकाजी, हे काय केलं तु..." एवढं त्याच्या तोंडून निघालं. तेवढ्यात इंझोरीवाल्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"एका घावात!" ते काकाजींना म्हणाले. "मले नाई जमत. माहं भकल नेहमी वाकडं निंगते."

पण काकाजींना आमचे चेहरे दिसले होते. "काही चुकलं का गा?"

मला वाटलं, आता इंझोरीवाले 'नाही' म्हणतील. ते खोटं बोलले नाहीत.

"कापड वल्लं झालं, काकाजी. वल्ल्यावर बॉल नाई चालत. वाळते थोड्या वेळानं. तवरक आपन बसू, खोबरं खाऊ."

मग ते कामाला लागले. नारळाचं पाणी गोड, तसंच वाळलं तर कापड चिकट होतं. म्हणून आधी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घेतलं, मग कोरड्या फडक्याने. घासायचं नाही, नुसतं दाबायचं, हे ते आम्हाला दाखवत होते. वैष्णवी खाली धावत गेली आणि घरातला टेबलफॅन घेऊन आली. तो स्टुलावर ठेवून वारा कापडावर सोडला. आणि देशभर खेळणारे इंझोरीवाले काकाजींच्या शेजारी, खोबऱ्याचा तुकडा चघळत बसून राहिले.

माझ्या यादीतली वीस मिनिटं कुठल्या कुठे गेली. दुपारभर गप्पा चालल्या. ते प्रत्येकाचं नाव आणि गाव विचारत होते आणि प्रत्येक गावात त्यांची कुणीतरी ओळख निघत होती. मला सोयाबीनचं विचारलं, एका मास्तरांना शाळेचं. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमच्यासारखा खेळाडू होणे नाही!" त्यावर ते म्हणाले, "हे भाषनात बोलजा. आता खरं सांगा, माहा मागचा सामना पाह्यला का? लई खराब खेळलो." काकाजी ऐकत होते. मध्येच त्यांनी क्यू हातात घेतली, तोलून पाहिली आणि विचारलं, "लाकूड कोनतं हाय?" तिथून ते दोघं लाकडावर जे बोलू लागले, त्यात आम्हाला जागाच उरली नाही.

कापड वाळलं, तरी एका कोपऱ्याकडे ओल राहिलीच. इंझोरीवाले उठले, अंगठा टोकावर फिरवला.

"काकाजी, ओल कोठंवर हाय, पाहून सांगा मले."

काकाजींनी वाकून, एक डोळा मिटून, शेत पाहावं तसं टेबल पाहिलं आणि बोटाने ओलीची कड दाखवली. "अथपावतर."

"तथीच थांबवतो."

पांढरा बॉल निघाला, रंगीत बॉलला लागला. रंगीत बॉल पॉकेटात गेला. पांढरा परत फिरला आणि ओलीत शिरताच मंद होत, काकाजींच्या बोटासमोर येऊन थांबला. काकाजी बोट न हलवता म्हणाले, "अजून एक डाव."

शेवटी त्यांनी काकाजींनाही एक फटका मारायला लावला. पांढरा बॉलच पॉकेटात पडला.

"फाऊल हाय हा, काकाजी. माफी नाई."

"अरे, माह्याच खोलीत मलेच फाऊल देतं का?" काकाजी म्हणाले आणि इतके हसले की वैष्णवीने त्यांना पाणी दिलं. निघताना इंझोरीवाल्यांनी हात पुढे केला. काकाजींनी आपला निळा झालेला तळवा उलटसुलट करून पाहिला आणि जिन्यापाशी थांबून विजूला म्हणाले, "दिवाळीनंतरचं राहू दे."

त्या ओलीचा डाग कापडावर राहिला. आम्हा सगळ्यांना तो पाठ झाला. बाहेरचा खेळाडू आला की त्याचा बॉल तिथे अडखळायचा आणि आम्ही काही बोलायचो नाही. वैष्णवी आधी पंखा परत न्यायला आली, मग आज्याचा निरोप सांगायला, मग काही न सांगता येऊ लागली. दिवाळीला इंझोरीवाले आले की तिला शिकवायचे. काकाजींना कुणी विचारलं की वर काय चालतं, तर ते म्हणत, "जाऊन पाहा ना जी. जिना मजबूत हाय."

पुढे इंझोरीवाल्यांच्या मानेची नस दबली. औषधं झाली, व्यायाम झाले. शेवटी एक दिवस फोनवर त्यांनी मला सांगितलं, "वाकता येत नाई आता. वाकल्याशिवाय हा खेळ नाई." आवाजात काही नव्हतं. लगेच तुरीचा भाव विचारला. ते इंझोरीला परत आले, भावाबरोबर शेती पाहू लागले. क्यू त्यांनी वैष्णवीला दिली.

गेल्या हिवाळ्यात ती नागपूरला महिलांच्या स्पर्धेत खेळली. विजू आणि मी सोबत होतो. पाणी, टॉवेल, खडू, बिस्किटं, सगळं माझ्या यादीप्रमाणे. सामना शेवटच्या डावापर्यंत गेला, शेवटच्या काळ्या बॉलपर्यंत, आणि तो तिच्याकडून चुकला. मी पाहिलं, तर प्रेक्षकांच्या रांगेत अगदी टोकाला, गळ्यात मानेचा पट्टा घालून इंझोरीवाले उभे होते. सकाळच्या बसने आले होते, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी धावत गेलो. "तुम्ही इथे काय उभे? चला आत, तिच्याकडे नेतो."

"कायले? तुमी त्या दिवशी रांगेतूनच भेटले ना मले?"

तेवढ्यात वैष्णवी बाहेर आली. डोळे लाल होते, पण ती सरळ माणसांकडे आली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकापासून हात पुढे करत निघाली. अमरावतीच्या काही मुली होत्या, नागपूरच्या होत्या, एक वयस्कर बाई होती. वैष्णवीच्याही अंगठ्याला निळा रंग होता. ती सवय तिने कुणाकडून उचलली हे सांगायला नको. मान खाली घालून, आवाज सावरत ती प्रत्येकाला विचारत होती. शेवटच्या माणसासमोरही तिने न पाहताच हात धरला.

"नाव काय? गाव कोनतं?"

"गाव इंझोरी," ते म्हणाले. "लहान हाय. तुमाले ठाऊक नसन."

तिने वर पाहिलं. रडावं की हसावं हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. त्यांनी तिचा हात सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "फोटो पाह्यजे मले एक." आणि या वेळी तिची क्यू, पाण्याची बाटली आणि टॉवेल, तिन्ही वस्तू त्यांनी स्वतःकडे घेतल्या.

परतीच्या प्रवासात ते माझ्या शेजारी बसले होते. उजवा हात, तळव्यावरचा निळा डाग पुसू नये असा, मांडीवर उताणा ठेवला होता. बस चहाला थांबली तेव्हा मी दोन कप आणले. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला.